‘विक्रांत’ ते ‘कर्णिका’

शाहूवाडीकरांचा समुद्र म्हणजे आंबा घाट उतरून गाठायची रत्नागिरी. जहाजं मोडतात ती मात्र मुंबईच्या दारूखान्यात, नाहीतर गुजरातच्या अलंगला. तरी कोल्हापूरकराला हा विषय परका नाही. इथल्या फाउंड्र्यांना भंगार लागतंच.

जुनी विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ 1997 मध्ये नौदलातून निवृत्त झाली. मुंबईत संग्रहालय म्हणून 2012 पर्यंत टिकली, मग लिलाव निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण 2014 अखेर दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालले. तिच्या पोलादातून पुढे मोटारसायकल निघाली. त्याला कुणी स्मृती म्हणो, मला ती जाहिरात वाटली.

‘कर्णिका’साठी असं कुणी हळहळलं नाही. 1990 मध्ये इटलीत ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून बांधलेलं हे 245 मीटर लांबीचं क्रूझ जहाज नावं आणि मालक बदलत 2019 मध्ये मुंबईत आलं. गोव्याच्या सफरी जेमतेम वर्षभर चालल्या. कोरोनात सफरी थांबल्या, कंपनी बुडाली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये जहाज अलंगच्या किनाऱ्यावर चढलं. त्या वर्षी तुर्कस्तानातल्या आलियागालाही क्रूझ जहाजांची रांग लागली होती.

अलंगला 1983 पासून हे काम चालतं ते भरतीच्या जोरावर. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात जहाज पूर्ण वेगात वाळूत घुसवतात, ओहोटीला ते कोरडं पडतं. आधी तेल उपसतात. क्रूझ जहाजात मग लोखंडाआधी संसार बाहेर येतो: गाद्या, खुर्च्या, आरसे, स्वयंपाकघरातली भांडी. हा माल रस्त्याकडेच्या दुकानांत विकला जातो. त्यानंतर कापाकापी, मोठाले तुकडे खाली पाडून विंचने ओढतात, बरंच पोलाद रोलिंग मिलमध्ये जाऊन सळ्या होतं. जुन्या जहाजातलं अॅस्बेस्टॉस मात्र विकाऊ नसतं. त्याची धूळ कामगाराच्या फुप्फुसात बसते, आणि त्रास उमटायला पंचवीस-तीस वर्षंही लागतात. तोवर ठेकेदार कुठे शोधायचा?

सुरक्षित जहाजतोडणीचा आंतरराष्ट्रीय करार हाँगकाँगला 2009 मध्ये झाला. जहाजात कुठे कोणता घातक माल आहे, याची यादी त्याने सक्तीची केली. भारताने 2019 मध्ये कायदा करून करार स्वीकारला. प्रत्यक्षात तो लागू झाला 26 जून 2025 रोजी. तोपर्यंत ‘विक्रांत’ही कापून झाली होती आणि ‘कर्णिका’ही.