स्कूटरची मार्गयोग्यता तपासणी

स्कूटर सार्वजनिक रस्त्यावर चालविण्याइतपत सुरक्षित स्थितीत आहे की नाही, हे ठरावीक मुदतीने अधिकृत तपासनिसाकडून पाहून घेण्याची पद्धत. ग्रेट ब्रिटनमध्ये ही तपासणी दरवर्षी करावी लागते आणि ती ‘एमओटी’ या नावाने ओळखली जाते. इटली, फ्रान्स इ. देशांत ती अधिक अंतराने होते, तर भारतात खाजगी स्कूटरला अशी वार्षिक तपासणी लागू नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे ब्रिटनमधील पद्धती, तीत नेहमी आढळणारे दोष आणि स्कूटरच्या विश्वासार्हतेशी असलेला त्यांचा संबंध यांचा विचार केला आहे.

विश्वासार्हता व मार्गयोग्यता : या दोन गुणांची व्यवहारात गल्लत केली जाते. पहिल्या लाथेला सुरू होणारी व वाटेत कधीही बंद न पडणारी स्कूटर विश्वासार्ह मानली जाते. मार्गयोग्य स्कूटर म्हणजे मात्र जी वेळेवर थांबते, सरळ धावते, रस्त्याला धरून राहते आणि अंधारात इतरांना दिसते ती. एंजिन उत्तम असलेल्या स्कूटरचे टायर गुळगुळीत झालेले असू शकतात. उलट, वारंवार प्लग साफ करावा लागणारी स्कूटर तपासणीत निर्वेध उत्तीर्ण होऊ शकते. ब्रिटिश तपासणीत एंजिन, क्लच व गिअरपेटी यांच्या स्थितीचा विचार केला जात नाही. बंद पडलेले एंजिन मालकाला तत्काळ कळते. झिजलेला ब्रेक मात्र रोज थोडा थोडा झिजत असल्याने हाताला सवयीचा होतो. तपासणीची गरज या दुसऱ्या प्रकारच्या दोषांमुळे निर्माण होते.

ऐतिहासिक आढावा : इटलीतील पियाज्जिओ कंपनीने कोर्रादिनो दास्कानिओ या अभियंत्याच्या आराखड्यानुसार १९४६ मध्ये व्हेस्पा आणि मिलानच्या इन्नोचेंती कंपनीने १९४७ मध्ये लँब्रेटा ही स्कूटर बाजारात आणली. पाय ठेवण्यास सपाट फळी, लहान चाके, झाकलेले एंजिन व पुढील ढाल ही त्यांची वैशिष्ट्ये होत. ब्रिस्टल येथील डग्लस कंपनीने १९५१ पासून परवान्यान्वये व्हेस्पाचे उत्पादन केले व त्यानंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये स्कूटरचा मोठा प्रसार झाला.

ब्रिटनमधील १९५६ च्या रस्ता वाहतूक अधिनियमात वाहन-तपासणीची तरतूद करण्यात आली. अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असताना १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या वाहनांचे ब्रेक, दिवे व सुकाणू तपासण्यास प्रारंभ झाला. तत्कालीन वाहतूक मंत्रालयाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तपासणीस ‘एमओटी’ हे नाव मिळाले व मंत्रालयाचे नाव बदलल्यानंतरही ते टिकले. वाहनाच्या वयाची मर्यादा १९६१ मध्ये सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणण्यात आली. १९६८ मध्ये टायरांचा तपासणीत समावेश झाला. ४० वर्षांहून जुन्या व मूलतः फेरफार न केलेल्या वाहनांना २०१८ पासून तपासणीतून सूट आहे. त्यामुळे पहिल्या पिढीतील बहुसंख्य व्हेस्पा व लँब्रेटा आज तपासणीविना धावू शकतात. त्या सुस्थितीत ठेवण्याची मालकाची जबाबदारी मात्र कायम राहते.

तपासणीची पद्धती : स्कूटर तीन वर्षांची झाल्यावर पहिली व त्यानंतर दरवर्षी एक तपासणी होते. ग्रेट ब्रिटनमध्ये हे काम शासनमान्य खाजगी गॅरेजांत चालते; उत्तर आयर्लंडमध्ये ते सरकारी केंद्रांत होते. २०० घ. सेंमी.पर्यंतच्या दुचाकी पहिल्या वर्गात मोडतात व बहुतेक स्कूटरी त्यातच येतात. २०१८ पासून दोषांची ‘धोकादायक’, ‘मोठे’ व ‘किरकोळ’ अशी प्रतवारी केली जाते. पहिल्या दोन प्रकारांपैकी एक जरी दोष आढळला, तरी वाहन अनुत्तीर्ण होते. धोकादायक दोष दुरुस्त होईपर्यंत ते रस्त्यावर नेता येत नाही. किरकोळ दोषांची नोंद करून प्रमाणपत्र दिले जाते. याशिवाय, पुढे झिजण्याच्या बेतात असलेल्या भागांविषयी तपासनीस लेखी सूचना देतो. प्रमाणपत्र हे तपासणीच्या दिवसापुरते मत असते. वर्षभराची ती हमी नव्हे.

नेहमीचे दोष : शासकीय आकडेवारीनुसार मोटारींच्या तुलनेत दुचाकी वाहने अनुत्तीर्ण होण्याचे प्रमाण कमी असते. जी अनुत्तीर्ण होतात, त्यांत दिवे व संकेत यांतील दोष सर्वांत अधिक आढळतात.

(१) दिवे : गेलेला दिवा, गंजलेली जोडणी, सैल धारक आणि खालीवर झालेला मुख्य दिव्याचा झोत हे नेहमीचे दोष होत. १ एप्रिल १९८६ नंतर प्रथम वापरात आलेल्या दुचाकीचा थांबा-दिवा हाताच्या व पायाच्या, किंवा दोन्ही हातांच्या, प्रत्येक ब्रेकने स्वतंत्रपणे लागावा लागतो. यांतील एका ब्रेकचा स्विच बिघडल्याचे चालकाला कळत नाही, कारण हा दिवा त्याच्या पाठीमागे असतो. जुन्या स्कूटरींत दिव्यांना वीज थेट एंजिनावरील जनित्रातून मिळते. त्यामुळे एंजिन मंद चालताना प्रकाश क्षीण होतो व दाबनियंत्रक बिघडल्यास एकामागून एक दिवे जळतात.

(२) ब्रेक : स्कूटर फिरत्या रुळांवर उभी करून किंवा अन्य मान्य उपकरणाने ब्रेकची क्षमता मोजतात. वाहन व चालक यांच्या एकत्रित वजनाच्या तुलनेत एका ब्रेकची क्षमता किमान ३० टक्के व दुसऱ्याची किमान २५ टक्के असावी लागते. पिंपाच्या ब्रेकमध्ये अस्तर झिजणे, केबलचे धागे तुटणे व पट्टे फिरविणारी कळ अडकणे हे दोष आढळतात. जुन्या व्हेस्पा जातीच्या स्कूटरींत मागील चाकाजवळील तेलरोधक कडी झिजली, की गिअरपेटीतील तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर झिरपते. अशा वेळी केबल कितीही ताणली, तरी ब्रेक लागत नाही व पट्टे बदलावेच लागतात. तबकडीच्या ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो, म्हणून तो ठरावीक काळाने बदलणे आवश्यक असते.

(३) टायर व चाके : १० इंची चाकावरील ३·५० इंच रुंदीच्या टायरचा बाहेरील व्यास सु. ४३ सेंमी. असतो. असे चाक एक किमी. अंतरात सु. ७४० वेळा फिरते, मोटारसायकलीचे सु. ६० सेंमी. व्यासाचे चाक तेवढ्याच अंतरात सु. ५३० वेळा फिरते. शिवाय एंजिन व चालक यांचा बराच भार मागील चाकावर पडतो. त्यामुळे स्कूटरचा मागील टायर लवकर झिजतो व लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते. ब्रिटनमध्ये ५० घ. सेंमी.हून मोठ्या दुचाकीच्या टायरवरील नक्षीची खोली तीनचतुर्थांश रुंदीवर किमान १ मिमी. असावी लागते. कमी वापरातील स्कूटरीच्या टायरची नक्षी शाबूत राहते. पण रबर जुने होऊन त्यास भेगा पडतात. जुन्या स्कूटरींचे चाक दोन भाग नटबोल्टांनी जोडून बनविलेले असते. ट्यूबमध्ये हवा असताना हे भाग जोडणारे नट सोडल्यास चाक उसळून गंभीर इजा होऊ शकते.

(४) सुकाणू व धक्काशोषक : सुकाणू सरळ असताना बसणारे धक्के वर्षानुवर्षे त्याच जागी पडत असल्याने गोळ्यांच्या धारव्यात खळगे पडतात. मग हँडल मध्यभागी अडकल्यासारखे वाटते व लहान वळणे झटक्याने होतात. धक्काशोषकातून तेल गळणे आणि एंजिन सांगाड्याला जोडणारे रबरी खोळंबे झिजून मागील चाक बाजूला हलणे, हेही दोष आढळतात.

(५) सांगाडा : व्हेस्पाचे अंग दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे असून तेच तिचा सांगाडा असते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकण्याची ब्रिटनमध्ये पद्धत आहे. त्यामुळे पायफळीच्या खाली व पायब्रेकच्या छिद्राभोवती पत्रा गंजतो. वरून दिलेल्या रंगाखाली हा गंज झाकला जातो, म्हणून तपासनीस खालची बाजू पाहतो. लँब्रेटाचा सांगाडा नळीचा असल्याने तिच्या बाह्य पत्र्याचा गंज तितकासा घातक ठरत नाही.

विश्वासार्हतेचे प्रश्न : दोन धावी एंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. तेल अधिक झाल्यास प्लगवर काजळी साचते व निष्कास मार्ग कोंदतो; कमी झाल्यास दट्ट्या सिलिंडरात अडकतो. गिअर बदलणारा चौकोनी खटका झिजल्यास गिअर आपोआप निसटतो. हँडलपासून एंजिनापर्यंत जाणाऱ्या क्लच व गिअर यांच्या केबली तुटणे हा नित्याचा त्रास होय. आधुनिक चार धावी, गिअरविरहित स्कूटरींत हे बहुतेक दोष नाहीसे झाले. त्यांची जागा शक्तिवाहक पट्टा, त्याच्या कप्पीतील लोटे व विद्युत् घटमाला यांच्या झिजेने घेतली. पट्टा तुटला, तर एंजिन चालू राहूनही स्कूटर जागची हलत नाही. कानपूरच्या एलएमएल कंपनीने बनविलेल्या गिअरच्या स्कूटरी ब्रिटनमध्येही विकल्या गेल्या व तेथील तपासणीतून गेल्या.

इतर देश : इटलीत पहिली तपासणी चार वर्षांनी व नंतर दर दोन वर्षांनी होते. फ्रान्समध्ये दुचाकींची तपासणी १५ एप्रिल २०२४ पासून सुरू झाली. तेथे पहिली तपासणी पाच वर्षांनी व पुढील तीन तीन वर्षांनी करावयाची असते.

भारतातील स्थिती : बजाज ऑटो या कंपनीने १९६० नंतरच्या दशकात पियाज्जिओच्या परवान्यान्वये पुण्याजवळील आकुर्डी येथे स्कूटरी बनविल्या. हा करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. तिला इतकी मागणी होती, की ग्राहकास कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. साहजिकच मिळालेली स्कूटर मालक दीर्घकाळ सांभाळीत आणि गावोगावच्या मिस्त्रींना तिचे सर्व भाग परिचयाचे झाले. सुरू होत नसलेली स्कूटर एका बाजूस कलती करून पुन्हा लाथ मारणे हा महाराष्ट्रातील घरोघरचा उपाय होता. मात्र हे सारे कौशल्य स्कूटर चालू ठेवण्याचे होते. ती सुरक्षित आहे की नाही, हे नियमितपणे पाहण्याची व्यवस्था नव्हती.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर ती पाच पाच वर्षांसाठी नूतनीकृत करताना प्रादेशिक परिवहन कार्यालयात वाहनाची योग्यता पाहिली जाते. म्हणजे पहिल्या १५ वर्षांत ब्रेक वा टायर यांची कोणतीही कायदेशीर नियतकालिक तपासणी होत नाही. नियतकालिक असते ते केवळ प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र. नोंदणीस एक वर्ष झाल्यावर ते आवश्यक ठरते. त्याची मुदत सहा महिने, तर ‘भारत टप्पा ४’ व त्यापुढील मानकांच्या वाहनांसाठी एक वर्ष असते. या चाचणीत निष्कास वायूंतील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने मोजतात.

याबाबतीत दोन देशांतील भेद लक्षणीय आहे. ब्रिटिश तपासणीत दुचाकीच्या निष्कास नळीची जोडणी व आवाज पाहतात. पण तिच्या धुराचे मापन करीत नाहीत. भारतीय चाचणीत धूर मोजतात. पण ब्रेक पाहत नाहीत. विजेरी स्कूटरींच्या प्रसाराने हा भेद अधिक ठळक झाला आहे. ‘चेतक’ हेच नाव २०२० पासून एका विजेरी स्कूटरला मिळाले आहे. अशा स्कूटरीस धूर नसल्याने प्रदूषण प्रमाणपत्र लागत नाही व भारतात तिची वार्षिक कायदेशीर तपासणी कोणत्याही स्वरूपात होत नाही. प्लग, कार्ब्युरेटर व दट्ट्या यांचे बिघाड तिच्यात संभवत नाहीत. परंतु ब्रेक, टायर, दिवे व सुकाणू तिलाही आहेत आणि त्यांची झीज पूर्वीप्रमाणेच होते.

मालकाने करावयाची पाहणी : तपासणीत आढळणारे बरेच दोष हत्यारांशिवाय दिसणारे व अल्प खर्चात दुरुस्त होणारे असतात. भिंतीसमोर स्कूटर उभी करून प्रत्येक ब्रेक स्वतंत्रपणे दाबल्यास थांबा-दिव्याचा प्रकाश भिंतीवर दिसतो. पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश फिरविल्यास धारव्यातील खळगा हाताला जाणवतो. टायरमधील हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना मोजावी. केबलचा एखादा धागा सुटलेला दिसताच ती बदलावी, कारण उरलेल्या धाग्यांवरील ताण वाढून ती पुढे लवकर तुटते. पावसाळ्यानंतर, विशेषतः कोकणातील खाऱ्या दमट हवेत, पायफळीचा खालचा पत्रा व दिव्यांच्या जोडण्या पाहून घेणे हितावह असते.