जंगल राखणाऱ्याचा हक्क

सटाणा आरम नदीच्या काठी वसले आहे. या नदीवरील केळझर धरण भरते ते पश्चिमेकडच्या डोंगरांत पडणाऱ्या पावसाने. डोंगरावर झाडी असेल तर पाणी जमिनीत मुरते. नसेल तर माती घेऊन वाहून जाते. बागलाणची डाळिंबे आणि कांदा आपण हौसेने खातो, पण डोंगरातली झाडी राखणारा आदिवासी आपल्या हिशेबात कुठेच नसतो.

जगातही हाच प्रश्न आहे. झाडे हवेतील कार्बन साठवतात आणि जंगल तुटले, जळले की तो पुन्हा हवेत जातो. म्हणून २००५ साली पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका या देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत मागणी केली, की जंगलतोड कमी करणाऱ्या गरीब देशांना श्रीमंत देशांनी मोबदला द्यावा. यातूनच ‘रेड प्लस’ ही योजना आकाराला आली. २००८ मध्ये ब्राझीलने अमेझॉन निधी उभारला आणि नॉर्वेने त्यासाठी एक अब्ज डॉलरपर्यंत देण्याचे वचन दिले. २०१९ मध्ये हा निधी ठप्प झाला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. सरकार बदलले की जंगलाचे नशीबही बदलते, ते असे.

आपल्या देशातही पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना वने व पर्यावरणाला १० टक्के वजन दिले. पण राज्याच्या तिजोरीत आलेला पैसा पाड्यापर्यंत पोहोचतो का, हा खरा प्रश्न आहे.

शेजारच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा पाहा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड डोंगर राखायला घेतले. कुऱ्हाडबंदी केली, तोडणाऱ्याला दंड ठेवला. आज सुमारे ११०० एकर जंगल उभे आहे, विहिरींना पाणी आहे. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे बांबूविक्रीचे उत्पन्न थेट ग्रामसभेकडे येऊ लागले. जंगलावर गावाचा हक्क असेल तर राखणही होते आणि मोबदलाही योग्य हाती पडतो.

मात्र या सौद्यात धोकेही आहेत. न तुटणारे जंगलही ‘वाचवले’ म्हणून विकता येते. एका डोंगरावर वाचवलेली झाडे दुसऱ्या डोंगरावर तुटू शकतात. शिवाय पैसे मोजले म्हणून धूर सोडण्याचा परवाना मिळाला, असे कारखानदाराने समजू नये.

इस्लामच्या दृष्टीने जमीन ही अल्लाहची अमानत आहे आणि माणूस तिचा विश्वस्त. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या परिसरातील झाडे तोडण्यास मनाई केली होती. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले तरी तो त्याच्यासाठी सदका ठरतो, असे हदीसमध्ये आले आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. मग जो आपल्यासाठी वर्षानुवर्षे जंगल राखतो, त्याची मजुरी कुणावर बाकी आहे?

हा मोबदला खैरात नव्हे, हक्क आहे. तो ग्रामसभेच्या खात्यात जावा आणि त्याचा हिशेब गावासमोर वाचला जावा, अशी मागणी आपणही करायला हवी. डोंगरातली झाडे राखली गेली तरच आरमला पाणी राहील, आणि ते पाणी पिताना राखणाऱ्याची जात किंवा धर्म कुणी विचारत नाही.