मिरजेहून आलेला तंबोरा

नवा तंबोरा घरी आला की लगेच त्याच्यावर गायला बसू नये, या मताची मी आहे. आधी तो नुसता छेडावा. तारा कोऱ्या असतात, ताणाला सरावलेल्या नसतात; जोड मिळवून खर्जावर यावं तोवर जोड उतरलेली असते. खुंट्याही आपापल्या भोकांत नीट बसलेल्या नसतात. खुंटीला खडू चोळायचा, आत दाबत पिळायची, परत लावायचं. सुरुवातीचे दिवस यातच जातात, आणि ते जाऊ द्यावेत. तेवढ्या वेळात हाताला खुंट्यांचा स्वभाव कळतो. माझ्या पंचमाची खुंटी सुरुवातीला हट्टी, मग एकदम सैल. खर्जाची मात्र पहिल्यापासून सांगाल तिथे थांबणारी.

हा तंबोरा मी मिरजेत सांगून करून घेतला. कारागिरांनी आधी पट्टी विचारली. काळी चार म्हटल्यावर दांडीची लांबी आणि भोपळ्याचा घेर त्यांनीच ठरवला. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाचा मोठा तंबोरा माझ्या पट्टीत चढवला, तर लांब तारांवर फार ताण येतो आणि नाद आखडतो. लाकूड तुणीचं, नक्षी अगदी मोजकी, रंग गडद तांबूस, हे सगळं मला ठरवता आलं. भोपळा मात्र वेलीवर जसा धरेल तसा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो, वाळतो, आणि कारागीर बोटांनी वाजवून बघत त्यातला एक निवडतात. त्या निवडीत मला काही बोलता आलं नाही, आणि बोलण्याइतकं मला कळतही नव्हतं.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलं आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यांकडे वळले, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि पुढे सतारमेकरांची गल्लीच वसली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण माझ्या लेखी मिरजेची खरी ओळख घोडीवर ठरते, कारण तंबोऱ्याचा आवाज तिथे घडतो.

घोडी म्हणजे तबलीवरचा छोटा चौरंग. माझ्या घोडीचा वरचा भाग हाडाचा आहे. वरवर पाहिलं तर तो सपाट वाटतो. डोळ्यांच्या पातळीवर धरला की अगदी बारीक उतार दिसतो. तार छेडली की ती या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि सुटते. हा उतार कानसेने घासून साधायचा, म्हणजेच जवारी काढायची. त्यानंतर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. दोरा काढून टाकला तर आवाज ठोकळा येतो, ‘टण्ण’ होऊन विझतो. दोरा सरकवत नेला की एका जागी नाद फुलतो, थोडा पुढे गेला की पुन्हा मिटतो. ही जागा चारही तारांची वेगळी असते. ती डोळ्यांना सापडत नाही. दोऱ्याचं टोक चिमटीत धरून, दुसऱ्या हाताने तार छेडत, कान देऊनच शोधावी लागते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला, तो याच गोष्टीवर होता. तारेचे जे उपस्वर छेडण्याच्या जागी स्थिर असतात, ते ऐकू येऊ नयेत असा नियम आहे. तार बरोबर मध्यावर छेडली तर तिचा वरच्या सप्तकातला षड्ज गायब व्हायला हवा. तंबोऱ्यात तो खणखणीत वाजतो, कारण घोडीचा उतार तारेला हा नियम पाळू देत नाही. मी हे घरी करून पाहिलं. दोरा काढून मध्यावर छेडलं तर वरचा षड्ज दबलेला. दोरा जागेवर आणला की तोच स्वर डोक्यावरून वाहू लागतो. भौतिकशास्त्र इतकं कानाजवळ मी पूर्वी कधी अनुभवलं नव्हतं.

जवारी पार उघडी नको, असं मी सांगितलं होतं. उघडी जवारी पहिल्या क्षणी मोहक वाटते, पण तिच्या झणझणाटात स्वतःचा स्वर नेमका कुठे लागतोय ते ऐकू येत नाही. कारागीर म्हणाले, “ताई, आत्ता थोडी बंदच ठेवतो. तारा घोडीवर घासतील तशी ती उघडत जाईल.” तसंच झालं. पहिल्यांदा नाद गोल, आतल्या आत होता. मग हळूहळू खर्जातून गंधार डोकावू लागला. खर्जाचा पाचवा उपस्वर म्हणजे गंधार, हे मी विद्यार्थ्यांना कितीतरी वर्षं सांगत आले आहे. या तंबोऱ्यात तो कुणी न सांगता ऐकू येतो, आणि यमन गाताना माझा गंधार आपणहून त्याच्याकडे जातो. मोबाइलवरच्या तंबोऱ्याने स्वर चुकत नाही हे मान्य, पण गंधाराची अशी ओढ मला त्याच्यातून कधी लागली नाही.

बोटांनाही शिकावं लागलं. पंचमावर मधलं बोट, जोडीवर आणि खर्जावर तर्जनी. नख लागू द्यायचं नाही, बोटाच्या मांसल भागाने तार सोडायची. माझ्या जुन्या तंबोऱ्याची तार जाड होती, म्हणून बोट जोर करायचं. इथे तेवढ्या जोराने खर्ज फडफडतो. हात हलका केल्यावर नाद लांबला.

मणी फार उपयोगाचे निघाले. घोडीखाली तारेत ओवलेला मणी खाली सरकवला की स्वर किंचित चढतो, वर घेतला की उतरतो. पंखा सुरू केला किंवा बाहेर पाऊस लागला की एवढीशी दुरुस्ती सतत लागते.

पंचमाची तार मारव्यासाठी निषादावर चढवली तर दोरा पुन्हा नव्याने लावावा लागतो, आणि ती जागा मला आता पटकन मिळते. मालकंसासाठी ती मध्यमावर उतरवली की मात्र तार ढिली पडते आणि दोरा कुठेही नेला तरी नाद पुरता खुलत नाही. त्या तारेखालचा उतार किंचित बदलावा लागेल असं कारागिरांचं म्हणणं आहे. पावसाळा संपला की ते जवारी काढायला पुण्यात येतील, तेव्हा कानस चालवण्याआधी त्यांना तासभर मालकंस ऐकवायचा, असं आमचं ठरलं आहे.