ठिणगीची झीज

थेंबें थेंबें तळें सांचतें, ही म्हण सर्वांच्या ओठीं असते. तिचीच उलट बाजू मोटारच्या एंजिनांत पाहावयास सांपडते. पेट्रोलची वाफ पेटविणाऱ्या स्पार्क-प्लगचीं दोन टोंकें एकमेकांपासून अदमासें एक मिलिमीटर दूर असतात. चार स्ट्रोकच्या एंजिनाचा दांडा मिनिटास ३००० फेरे घेत असतां त्या फटींत साधारणतः १५०० ठिणग्या पडतात. म्हणजे तासास ९०,०००. दर ठिणगीगणिक धातूचा सूक्ष्म अंश उडतो, फट रुंदावते, ती ओलांडण्यास अधिक दाबाची वीज लागते, आणि अखेर ठिणगी चुकूं लागते.

असें कां व्हावें? ठिणगीचा मार्ग अतिशय बारीक व तिचें आयुष्य क्षणाहूनही थोडें. पण तेवढ्यांत तेथील उष्णतामान कित्येक हजार अंशांवर जातें. विद्युदग्राचा जेवढा ठिपका तिच्याखालीं सांपडतो तेवढा वितळतो, कांहीं वाफ होऊन उडतो, व मागें खळगी राहते.

तेव्हां उशिरां वितळणारा धातू तोच टिकाऊ, हें अनुमान खरें, पण अर्धेंच. टंगस्टन ३४२२ अंश सेंटिग्रेडला वितळतो, तांबें १०८५ अंशांना. परंतु तांबें आलेली उष्णता झटकन् वाहून नेतें. म्हणून मोठमोठ्या सर्किट-ब्रेकरांत टंगस्टनच्या सच्छिद्र सांगाड्यांत तांबें मुरवितात. तांबें वाफ होतांना उष्णता घेऊन जातें आणि सांगाडा शाबूत राहतो. घामानें शरीर निवावें तसाच हा प्रकार.

दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएत रशियांतील बोरिस व नताल्या लाझारेन्को हें दांपत्य याच प्रश्नामागें लागलें होतें. त्या काळच्या एंजिनांत प्रवाह तोडणारे टंगस्टनचे 'पॉइंट' झिजत, आणि ती झीज कमी करावयाची होती. पॉइंट तेलांत बुडविले तरी झीज थांबली नाहीं. मात्र ती अधिक नियमित झाली. तेव्हां १९४३ सालीं त्यांनीं झिजेलाच कामास लावलें. हव्या त्या आकाराचें विद्युदग्र तेलांत धरून ठिणग्यांकरवीं धातू कोरण्याची ती युक्ति आज साचे घडविणाऱ्या कारखान्यांत सर्रास चालते. पोलाद कितीही कठीण असो, ठिणगीला त्याची पर्वा नसते.

मात्र कोरणारें अग्रही थोडें झिजतेंच. म्हणून तें तांब्याचें किंवा ग्रॅफाइटचें करितात, आणि झिजेचा मोठा वाटा कामाच्या तुकड्याकडे जाईल अशा बेतानें प्रवाहाची दिशा व वेळ ठरवितात. शत्रूस चाकरीस ठेविलें, तरी त्याच्यावर नजर ठेवावीच लागते.