गोठलेल्या खिडकीमागची रांग

बटण दाबलं, खिडकी पांढुरकी पडली आणि माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ झळकलं. प्रोग्रॅम मेला, असं आपण धरून चालतो. बहुतेकदा तो जिवंत असतो, फक्त कामात गळ्यापर्यंत बुडालेला.

माऊसची क्लिक, दाबलेली कळ, खिडकी पुन्हा रंगवण्याची सूचना, हे सगळे निरोप विंडोजमध्ये एका रांगेत उभे राहतात. ती रांग उपसतो एकच थ्रेड. त्यालाच बटणाच्या कोडमधून भलीमोठी फाईल वाचायला बसवलंत, की रांग तुंबलीच. 5 सेकंद निरोप उचलला गेला नाही, तर विंडोज मूळ खिडकी झाकून तिच्या जागी नक्कल उभी करतं. ती पांढुरकी खिडकी म्हणजे ही तोतया! तिला सरकवता येतं, लहान-मोठं करता येतं, बंद करता येतं. बाकी काही नाही.

काहीजण लांबलेल्या कामात मध्येच ‘डूइव्हेंट्स’ ही रांग उपसायला लावणारी आज्ञा पेरतात. रांग हलते खरी, पण अर्धवट कामाच्या पोटात तेच बटण पुन्हा दाबलं जातं. माझ्या एका प्रोग्रॅमने असंच एक बिल दोनदा छापलं होतं.

जड काम वेगळ्या थ्रेडवरच टाकावं. मात्र तिथून खिडकीतल्या लेबलला थेट हात लावू नये. ज्या थ्रेडने ते बनवलं, त्याच्याकडेच ‘इन्व्होक’ने निरोप धाडावा. सी-शार्पमध्ये 2012पासून ‘असिंक-अवेट’मुळे हे बरंच सोपं झालंय.

पुढच्या वेळी खिडकी गोठली, तर व्हिज्युअल स्टुडिओत ‘ब्रेक ऑल’ दाबा आणि मुख्य थ्रेडचा कॉल स्टॅक बघा. अडलेली ओळ बहुधा तिथेच सापडेल.