श्रवणहानीच्या सामाजिक व भावनिक परिणामांचे मापन

कानाची श्रवणक्षमता मोजण्याचे शास्त्र आज पुष्कळ प्रगत झाले आहे. निरनिराळ्या वारंवारतांचे शुद्ध ध्वनी ऐकवून, त्यांपैकी प्रत्येक ध्वनी किती डेसिबलला ऐकू येऊ लागतो हे नोंदले, म्हणजे श्रवणालेख सिद्ध होतो. परंतु या आलेखावरून कानाची स्थिती कळते. माणसाची कळतेच असे नाही. सारखाच आलेख असलेल्या दोन व्यक्तींपैकी एक चारचौघांत पूर्ववत् वावरते, तर दुसरी हळूहळू लोकांत मिसळणेच सोडून देते. हा भेद मोजावयाचा कसा?

या दिशेने एक प्रयत्न अमेरिकेत १९६४ साली हाय, फेअरबँक्स व ग्लोरिग यांनी केला. त्यांच्या प्रश्नावलीचा भर मुख्यतः कोणत्या प्रसंगी कितपत ऐकू येते यावर होता. भावनांची विचारपूस तीत नव्हती. ही उणीव १९८२ मध्ये व्हेंट्री व वाइनस्टाइन यांनी वृद्धांसाठी रचलेल्या प्रश्नावलीने भरून काढली. १९९० मध्ये न्यूमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ वर्षांखालील प्रौढांसाठी तिचे रूपांतर केले व तीन प्रश्न बदलून व्यवसाय आणि करमणूक यांसंबंधीच्या अडचणींना स्थान दिले.

या दोन्ही प्रश्नावल्यांत २५ प्रश्न असून त्यांपैकी १३ भावनिक व १२ सामाजिक आहेत. ‘होय’ या उत्तरास ४, ‘कधीकधी’ यास २ व ‘नाही’ यास शून्य गुण मिळतात. एकूण गुण जितके १०० च्या जवळ, तितकी व्यक्तीला जाणवणारी बाधा अधिक. श्रवणयंत्र दिल्यावर हीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली, तर यंत्राने केवळ कानाला नव्हे, जीवनालाही कितपत साहाय्य झाले याचा अंदाज येतो.

तथापि हे साधन शब्दांचे बनलेले आहे, आणि येथेच भाषाशास्त्राचा संबंध येतो. मराठीत ‘ऐकू न येणे’ हा इंद्रियाचा दोष, तर ‘न ऐकणे’ हा वर्तनाचा. ‘ते माझे ऐकत नाहीत’ या घरोघरच्या तक्रारीत दोन्ही अर्थ मिसळतात, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यावर हट्टीपणाचा किंवा दुर्लक्षाचा आरोप येतो. भाषांतरकाराने येथे ढिलाई केली, तर प्रश्न कानाऐवजी स्वभावाची चौकशी करील. तसेच संकोचणे, लाजणे व ओशाळणे यांच्या छटा भिन्न आहेत. ओशाळण्यात आपल्या हातून काही चुकल्याची जाणीव असते. चुकीचे उत्तर देऊन हशा झाल्यावर माणूस ओशाळतो. पुन्हापुन्हा ‘काय म्हणालात?’ असे विचारताना तो संकोचतो. मूळ भाषेतील एका शब्दासाठी यांपैकी कोणता योजावा, हे कोशावरून ठरत नाही. उत्तर देणाऱ्या लोकांत तो पडताळून पाहावा लागतो.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. ज्याने समारंभांना जाणे केव्हाच सोडले, त्याला तेथे अडचण येत नाही. म्हणून तो प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतो. अशा वेळी कमी गुण हे सुस्थितीचे नव्हे, माघारीचे चिन्ह ठरू शकते. यास्तव गुणांची बेरीज झाल्यावर परीक्षकाने प्रश्नावली बाजूला न ठेवता, प्रत्येक ‘नाही’मागील कारण त्या व्यक्तीला व तिच्या घरच्या मंडळींना विचारणे आवश्यक होय.