कचेरींतील पत्त्यांचें वांटप

बारामती-इंदापूरच्या शिवारांत नीरा डाव्या कालव्याचें पाणी पाळीनें मिळतें. कचेरींतील संगणकांस पत्ताही असाच मुदतीनें मिळतो. संगणक चालू होतांच पत्त्यासाठीं पुकारा करतो. राऊटर एखादा मोकळा पत्ता देऊं करतो, संगणक तो मागून घेतो व राऊटर मंजुरी देतो. निम्मी मुदत उलटली कीं संगणक ती वाढवून मागतो. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेली ही पद्धति म्हणजे डीएचसीपी.

समजा, एका पतसंस्थेच्या शाखा बारामतीस व इंदापुरास आहेत. वायफाय दूरवर पोंचावें म्हणून कोणी आणखी एक राऊटर जोडतो आणि तोही निराळ्या मालिकेंतले पत्ते वांटूं लागतो. ज्याचा देकार आधीं येईल, तोच बहुधा संगणक पत्करतो. मग कांहींना प्रिंटर सांपडत नाहीं, ऐन वसुलीच्या दिवशीं पावत्या अडतात, आणि बोल मात्र बिचाऱ्या कारकुनास! पाटावर पाटकरी एकच असावा. दुसऱ्या राऊटरचें वांटप बंद ठेवावें. प्रिंटरचा पत्ता कायम राखून ठेवावा. शाखा एकमेकींस जोडावयाच्या असल्यास बारामतीस १९२.१६८.१० व इंदापुरास १९२.१६८.२० नें सुरू होणारी, अशी स्वतंत्र मालिका द्यावी.

नांवावरून पत्ता सांगण्याचें काम डीएनएसचें. ही योजना पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं मांडली. हिशेबाच्या सर्व्हरचें घरगुती नांव बाहेरच्या डीएनएसला ठाऊक नसतें. म्हणून राऊटरनें पत्त्याबरोबर कचेरींतल्याच डीएनएसचा ठिकाणा कळवावा. बाहेरचा डीएनएस दुय्यम म्हणूनही जोडूं नये. त्यानें 'असें नांव नाहीं' म्हटलें, कीं संगणक तेंच खरें मानून थांबतो.